लॅपटॉपचे मानकरी

मला फक्त एक अर्ज टाइप करायचा होता. दोन पानांचा. हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर लोक विचारतात, "डॉन एव्हारिस्तो, या वयात तुम्हाला हे उद्योग सांगितले कुणी?" सांगितले सगळ्यांनीच. मी ऐकलं, एवढाच माझा गुन्हा.

सान रोकितो रहिवासी मंडळाचा मी गेली अकरा वर्षं सेक्रेटरी आहे. पगार शून्य, पण सभेत टेबलामागे खुर्ची मिळते आणि खुर्चीवर उशी असते. बाकीचे लोक सिमेंटच्या पायरीवर बसतात. ज्यांना या दोन बसण्यांमधला फरक कळत नाही त्यांनी ही हकिगत इथंच सोडावी.

आमची वस्ती ला पाझच्या एका उतारावर टांगलेली आहे. खाली रस्ता, वर घरं, मध्ये दोनशे चौदा पायऱ्या. त्या पायऱ्यांना कठडा नाही. कठड्यासाठी मी तीन वर्षांत तीन अर्ज केले. या वर्षी कचेरीच्या खिडकीतल्या माणसानं अर्ज हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, आणि म्हणाला, "अक्षर सुंदर आहे हो. लग्नपत्रिकेवर शोभेल. पण आता हातानं लिहिलेलं चालत नाही. टाइप करून आणा. रहिवाशांची यादी तक्त्यात. दोन प्रती. पिवळ्या फोल्डरमध्ये."

"मागच्या वर्षीचा फोल्डर पिवळाच होता."

"तो लिंबू पिवळा होता," तो म्हणाला, आणि खिडकी बंद केली.

ही बातमी मी सभेत सांगितली. तेव्हा प्रोफेसोरा एर्मिन्दा, पस्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या बाई, शेवटच्या पायरीवरून उठून म्हणाल्या, "एवढंच ना? माझ्याकडे कॉम्प्युटर आहे. मी करून देते."

आमच्या मंडळात 'मी करून देते' याचा अर्थ 'उशी रिकामी करा' असा होतो. अध्यक्ष डॉन सेनोबियोंचा चेहरा एकदम उजळला. कुणीतरी दुसऱ्याचं काम करणार असं दिसलं की त्यांचा चेहरा नेहमीच उजळतो. ते म्हणाले, "असं करू. तीन आठवड्यांनी रविवारी सभा. अर्ज टाइप करून जो आणेल तो यापुढे सेक्रेटरी. काळ बदलला, डॉन एव्हारिस्तो. वाईट वाटून घेऊ नका."

मी वाईट वाटून घेतलं नाही. मी लॅपटॉप घ्यायचं ठरवलं.

माझ्या गरजा मी एका कागदावर लिहिल्या. एक, अर्ज लिहिणे. दोन, सत्त्याऐंशी घरांची यादी ठेवणे. तीन, सान्ता क्रूसहून मुलगी नातीचे फोटो पाठवते ते मोठे करून बघणे. त्याखाली आकडा लिहिला: बाराशे बोलिव्हियानो. त्याच्या वर नाही. हा कागद मी गुप्त ठेवणार होतो. पण आमच्या घरचा कागद गुप्त ठेवायचा म्हणजे तो कासिल्दाला दाखवायचा नाही, आणि कासिल्दाला दाखवायचा नाही तर तिच्याशी लग्नच करायला नको होतं. संध्याकाळपर्यंत पायऱ्यांवर चढणारा-उतरणारा प्रत्येक माणूस मला सल्ला देऊन पुढे जात होता.

कोपऱ्यावरची दुकानदारीण डोन्या निकोलासा म्हणाली, "जड बघून घ्या. हलकं ते ठिसूळ. माझा वजनकाटा बघा, बत्तीस वर्षं."

शिंपी डॉन रोमुलो म्हणाला, "कापड बघू नका, शिवण बघा. उलटा करायचा आणि कडेनं नख फिरवायचं. नख अडलं तर माल दुय्यम."

डॉन सेनोबियो स्वतः आले. "वैर नाही हं," ते म्हणाले. "पण घेणारच असाल तर निळा घ्या. मंडळाचा रंग निळा आहे." अर्ज निळ्या यंत्रावर टाइप केल्यानं कठडा लवकर कसा मिळेल, हे मी विचारलं नाही. अध्यक्षांना प्रश्न विचारायची आमच्यात पद्धत नाही.

यात दोन आठवडे गेले. दोन आठवड्यांत सल्ले सत्तावीस जमले, लॅपटॉप शून्य. मधे एकदा खाली शहरातल्या दुकानांच्या गल्लीत जाऊन आलो. तिथल्या विक्रेत्यानं माझ्यापुढे एक यंत्र उघडलं. त्याच्या बटणांखालून जांभळे, हिरवे दिवे पळायला लागले.

"कुठले गेम खेळता, काका?" त्यानं विचारलं.

"मी रहिवाशांची यादी ठेवतो," मी म्हणालो. "दोन वारले, एक जन्मला, असं."

त्यानं दिवे बंद केले. मग किंमत सांगितली, आणि माझ्याही डोळ्यांपुढचे बंद झाले.

शेवटच्या गुरुवारी मी केबलकारनं वर एल आल्तोच्या बाजारात गेलो. तिथं एका घोंगडीवर मोटारीचे दोन आरसे, सायकलचं एक चाक, पिंजऱ्यात दोन गिनीपिग आणि तीन लॅपटॉप मांडले होते. मालकीण हॅट कपाळावर ओढून भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती.

"हा चालतो का?" मी विचारलं.

"चालत नसता तर स्वस्तात दिला असता," ती म्हणाली. "चौदाशे."

"आठशे."

"आठशेत गिनीपिग न्या दोन्ही. ते पण चालतात."

मी उठून चार पावलं गेलो. चार म्हणजे चारच. पाचव्या पावलाला विकणारा हाक मारत नाही, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. तिनं चौथ्याला हाक मारली. "या इकडे. सकाळपासून भवानी नाही झाली माझी." वास्तविक माझ्या डोळ्यांदेखत तिनं पंधरा मिनिटांपूर्वी एक आरसा विकला होता. पण बाजारात दुसऱ्याची भवानी मोजू नये. साडेअकराशेला सौदा जमला. तिनं नोटांनी हवेत क्रूस काढला, नोटा तिन्ही यंत्रांना आणि दोन्ही गिनीपिगांना लावल्या आणि कमरेला खोचल्या.

"वर काहीतरी घाला," मी म्हणालो. वरकड न मागता बाजारातून येणारा माणूस आमच्याकडे आजारी समजला जातो. तिनं एक लांब वायर दिली. त्या वायरीचं टोक यंत्राच्या कुठल्याच खाचेत जात नव्हतं. असो. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत.

"आणि चार्जर?"

"चार्जर बहिणीकडे असतो. ती पार त्या टोकाला, जुन्या बसच्या सांगाड्यापाशी."

बहीण सापडायला पाऊण तास आणि ऐंशी बोलिव्हियानो लागले.

लॅपटॉप निळा नव्हता, जड होता, आणि नख तीन ठिकाणी अडलं. घरी येऊन सुरू केला तर पडद्यावर समुद्र! समुद्रापुढे एक अनोळखी कुटुंब ओळीनं उभं, बाप पोट आत ओढून. आमच्या देशाचा समुद्र शेजाऱ्यांनी पणजोबांच्या काळात लढाईत जिंकून नेला तो नेलाच. तेव्हापासून घरात समुद्र आला तो हा पहिला. मी तो पुसायला निघालो तर कासिल्दा म्हणाली, "राहू दे. माणसं घरंदाज दिसतात."

मी बोटं मोडली, बाह्या सारल्या आणि पहिलं अक्षर दाबणार तोच तिनं झाकण मिटलं. माझं बोट आत राहिलं होतं.

"शिंपल्याशिवाय?" ती म्हणाली.

इथं मी चुकलो, कारण मला घाई होती आणि तिला नव्हती. आमच्याकडे नवी वस्तू, घर असो, मोटार असो, शिवणयंत्र असो, पाचामामेला, म्हणजे धरणीमातेला, दारूचे चार थेंब पाजल्याशिवाय, त्या वस्तूवर चार थेंब शिंपडल्याशिवाय आणि रंगीत कागदाचे तुकडे उधळल्याशिवाय वापरत नाहीत. मी म्हटलं, "चार थेंब ना? आत्ता शिंपड."

"आत्ता? गुरुवारी? उद्या शुक्रवार आहे, शिंपण्याचा वार. आणि मानकऱ्यांशिवाय शिंपायला तो काय चोरीचा आहे?"

सगळ्या गुंत्याचं मूळ हे मानकरी. आमच्यात कार्य एकट्यानं करत नाहीत, एकेका गोष्टीचा भार एकेक मानकरी उचलतो. केकचा मानकरी वेगळा, बँडचा वेगळा. शाळेच्या फुटबॉल संघाच्या मोज्यांनासुद्धा मानकरी असतो. दोन तासांत कासिल्दानं वाटणी केली. डोन्या निकोलासा पिशवीची मानकरी. रोमुलो माउसचा. अध्यक्ष सेनोबियोंना आधी विचारलं नाही म्हणून ते रुसले, तेव्हा त्यांना पडद्याचा मान दिला.

"आणि मुख्य मानकरीण?" मी विचारलं.

"प्रोफेसोरा एर्मिन्दा."

मी खाली बसलो. "कासिल्दा, ती बाई माझ्या उशीवर टपलीय!"

"पाव आणि फळांची परडी घेऊन जायचं. परडी नेली की कुणाला नाही म्हणता येत नाही."

"म्हणूनच नेऊ नको! मानकरीण झाली की ती माझी कोमाद्रे झाली, मी तिचा कोम्पाद्रे. जन्माची सोयरीक. सख्ख्या भावाला कोर्टात खेचलं तर लोक वर्षभरात विसरतात, पण कोमाद्रेशी वाकडं वागलेल्याच्या घरचं पाणीही कुणी पीत नाही. रविवारी सभेत तिच्याविरुद्ध तोंड उघडायची सोय उरणार नाही मला!"

"तसाही तू उघडून काय बोलणार होतास?" कासिल्दा म्हणाली, आणि परडी भरायला लागली.

शुक्रवारी दुपारी अंगणात सोळा माणसं जमली. चार मानकरी, बाकीचे त्यांचे साक्षीदार. डुकराच्या मटणाचा रस्सा, मका, वाळवलेले काळे बटाटे, आणि बिअरचे दोन क्रेट. मी भिंतीला टेकून हिशेब केला. यंत्र साडेअकराशे, चार्जर ऐंशी, आणि यंत्राच्या सन्मानार्थ भोजन नऊशे दहा. असं वाढत गेलं तर पुढच्या वेळी प्रिंटर घ्यायला मला घर गहाण टाकावं लागेल, असं मनात आलं, आणि त्याच क्षणी लक्षात आलं की प्रिंटर माझ्याकडे नाहीच. टाइप केलेला अर्ज यंत्राच्या पोटातून कागदावर कसा यायचा, हा प्रश्न सत्तावीस सल्लागारांपैकी एकालाही पडला नव्हता. मलाही नाही. मी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. रश्श्यात लक्ष घातलं.

लॅपटॉप टेबलावर ठेवला होता, गळ्यात कागदी फुलांची माळ, अंगावर मी घट्ट बांधलेलं प्लॅस्टिक. प्रोफेसोरा एर्मिन्दांनी आधी जमिनीला पाजलं, मग बोटं बुडवून चार कोपऱ्यांवर एकेक थेंब शिंपडला. मोजून चार. बाई गणिताच्या. डोन्या निकोलासानं कागद उधळले. रोमुलोनं माउसवर थेंब टाकला आणि तो खिशात घातला, सवयीनं. सगळं व्यवस्थित चाललं होतं.

मग डॉन सेनोबियो पुढे झाले. त्यांच्या हातात बाटली होती आणि पोटात तिच्या तीन बहिणी.

"हे काय?" ते म्हणाले. "टोपी घालून कुणी बाप्तिस्मा घेतं का?"

त्यांनी माळ काढली, प्लॅस्टिक सोडलं, झाकण उघडलं. समुद्रकाठचं कुटुंब हसत वर आलं. मी "डॉन सेनो..." एवढंच म्हणू शकलो. अध्यक्षांनी बाटली आशीर्वादासारखी हलवली. थेंब नाही, धार. ती बटणांवर पडली, फेसाळली, आणि खाली गेली. आतून चिर्र आवाज आला. आधी समुद्र गेला, मग कुटुंब, सर्वांत शेवटी बापाचं पोट.

सगळे टेबलाभोवती वाकले.

"भरपूर प्यायला," अध्यक्ष म्हणाले. "शुभ आहे."

कासिल्दानं यंत्र उलटं केलं. त्यातून निदान एक पेलाभर बिअर बाहेर आली. आता कुणी म्हणे तांदळात पुरा, कुणी म्हणे भट्टीत ठेवा. तेव्हा डोन्या निकोलासा पुढे आली. तिचं माहेर वरच्या पठारावरचं. ती म्हणाली, "बटाट्यातलं पाणी काय तांदूळ काढतो? दिवसा ऊन, रात्री थंडी. छपरावर पसरा. बटाटा वाळतो, हा का नाही वाळणार?"

"बटाटा तर पायांनी तुडवतात," मी म्हणालो.

"तेवढं नका करू," ती म्हणाली.

अशा रीतीनं माझा लॅपटॉप उघडा, पालथा, पत्र्याच्या छपरावर काळ्या बटाट्यांच्या शेजारी वाळत पडला. शनिवारी पायऱ्यांवरून जाणारा प्रत्येक जण मान वर करून चौकशी करत होता. "वाळला का, डॉन एव्हारिस्तो?" "अजून ओला आहे." "आमचेही अजून ओलेच आहेत." एका म्हातारीनं तर मला बाजूला घेऊन सांगितलं की यंदा हवा बटाट्यांना चांगली आहे, काळजी करू नका.

प्रोफेसोरा एर्मिन्दा दुपारी येऊन छपराखाली उभ्या राहिल्या. "डॉन एव्हारिस्तो, तुमची जुनी यादी द्या बघू जरा. हाताची."

"कशाला?"

"मानकरीण आहे मी. लेकरू आजारी. विचारपूस नको करायला?"

यादीचा आणि आजाराचा संबंध मला कळला नाही, पण कोमाद्रेला नाही म्हणता येईना. मी वही दिली. देताना असं वाटलं की उशीसकट खुर्चीच हातानं उचलून दिली. रात्री जेवण गेलं नाही. कासिल्दाला गेलं.

रविवारी सकाळी मी लॅपटॉप खाली आणला, डोळे मिटून बटण दाबलं. तो खाकरला. मग, खरं सांगतो, समुद्र आला! यंत्राला बिअरचा आणि बटाट्याचा मिळून एक वास येत होता. बटणं गूळ लावल्यासारखी चिकट झाली होती. पण चालत होता. मी लिहायला बसलो. यादी आठवून. एका बोटानं. सभा अकराची. पावणेअकराला माझी एकोणीस घरं झाली होती. राहिली अडुसष्ट. आणि प्रिंटर नव्हता तो नव्हताच. मी लॅपटॉप तसाच उघडा छातीशी धरून दोनशे चौदापैकी नव्वद पायऱ्या उतरून सभेला गेलो.

सगळे जमले होते. उशीवर बसलो. शेवटचंच, असं समजून जरा जास्त दाबून बसलो. डॉन सेनोबियोंनी माझ्या यंत्राकडे पाहिलं, आणि मग दुसरीकडे पाहिलं.

"अर्ज?" ते म्हणाले.

"एकोणीस घरं झाली," मी म्हणालो. "यात आहेत." मी पडदा लोकांकडे फिरवला. मागून कुणीतरी म्हणालं, "हे कुठलं कुटुंब? आपल्या वस्तीतलं दिसत नाही." हशा झाला. माझे कान तापले. यंत्र बुडवलं कुणी, हे अंगणातल्या सोळाही जणांना माहीत होतं. पण अध्यक्षांना प्रश्न विचारायची आमच्यात पद्धत नाही.

"मग काय," सेनोबियो म्हणाले. "ठरलं होतं तसं. प्रोफेसोरा, तुमच्याकडे?"

बाई उठल्या. काखेत फोल्डर होता. पिवळा. लिंबू नव्हे, अंड्याच्या बलकाचा. त्यात दोन पानं अर्ज, चार पानं तक्ता, सत्त्याऐंशी घरं, दोन प्रती. माझ्या वहीवरून उतरवलेलं. ओळी कवायतीला उभ्या असल्यासारख्या सरळ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उशीवरून अर्धा उठलो, म्हणजे नंतर उठवायची वेळ येऊ नये.

"तर यापुढे सेक्रेटरी म्हणून प्रोफेसोरा एर्मिन्दा..." अध्यक्ष म्हणाले.

"कोण?" बाई म्हणाल्या.

"तुम्ही."

"मी? माझ्या कोम्पाद्रेची खुर्ची घेऊ? परवा मी यांच्या अंगणात पहिला थेंब शिंपडला, आज यांना पायरीवर बसवू? डॉन सेनोबियो, मला या वस्तीत अजून जगायचंय. डोन्या निकोलासा मला पाव विकेल का?"

"नाही विकणार," डोन्या निकोलासा जागेवरूनच म्हणाली.

"आणि तुम्हीसुद्धा पडद्याचे मानकरी आहात," बाई पुढे म्हणाल्या. "कोम्पाद्रेला काढायचा ठराव तुम्ही मांडताय? तोही त्यांच्या यंत्रात बाटली ओतून?"

अध्यक्ष हॅटची कड तपासू लागले. ती आधीपासून ठीक होती. "मी फक्त विचारत होतो," ते म्हणाले.

बाई टेबलापाशी आल्या, फोल्डर माझ्यापुढे ठेवला. "इथं सही करा, कोम्पाद्रे. नाव छापलंय. आईचं आडनावसुद्धा घातलंय, खिडकीवाले मागतात."

मी सही केली. मला माझ्या बायकोकडे बघायचं होतं. ती पायरीवर बसून शेजारणीला रश्श्यात मसाला किती घालायचा ते सांगत होती. कोमाद्रेचं नातं मला बांधून टाकतं, एवढीच एक बाजू मी हिशेबात धरली होती. ते तिलाही बांधतं, हा दुसरा रकाना मी अकरा वर्षं सेक्रेटरी असून रिकामा सोडला होता. कासिल्दानं तो गुरुवारीच भरला होता, पाव आणि फळांनी.

सभा उठली. लोक पांगले. इतिवृत्त लिहायला मी मागे राहिलो, आणि बाई माझ्या खांद्याशी उभ्या राहिल्या. मी लिहिलं, 'कठड्याचा अर्ज सेक्रेटरींनी स्वतःच्या यंत्राच्या साहाय्याने तयार केला व सभेपुढे ठेवला.'

बाईंनी चष्मा कपाळावर सारून ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. मला वाटलं आता लाल पेन निघतं.

"कोम्पाद्रे," त्या म्हणाल्या, "सरका थोडे."

मी उशीवर अर्धी जागा केली. त्या बसल्या. माझ्या हातातून पेन घेऊन त्यांनी 'यंत्राच्या साहाय्याने' यापुढे बारीक अक्षरात 'व कोमाद्रेच्या देखरेखीखाली' असं घातलं. खाली, अनुमोदक म्हणून, सही केली.